एकच नाव लिहायचं

कल्पना करा, मुलांनो, तुम्ही एका तळ्याच्या काठावर उभे आहात. म्हणायचं तळं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी गोडं आहे, समुद्राचं नाही, म्हणजे भरती-ओहोटीचा प्रश्नच नाही. वाराही पडलाय. आणि तरी तुमच्या पायाखालच्या लाकडी धक्क्याला लागलेलं पाणी हळूहळू वर चढतंय. वीतभर चढलं, थांबलं, आणि आलं तसं उतरलं. कोणी ढकललं त्याला? जरा वेळ थांबा तिथेच. उत्तराची घाई करू नका. सिग्नेनेही केली नव्हती.

सिग्ने नॉर्डवाल बारा वर्षांची असताना तिने आपल्या गावाच्या, ग्रॅनाइट कोव्हच्या, धक्क्याला खुणा केलेली एक पट्टी ठोकली आणि घड्याळ घेऊन समोर बसली. पाणी चढून उतरायला एकोणीस मिनिटं लागत. दुसऱ्या दिवशीही एकोणीस. पुढच्या महिन्यातही तेच. तिचे वडील लायल त्याच धक्क्यावरून हेरिंग मासे पकडायला जात. ते म्हणाले, "हं. करतं खरं तसं." त्या किनाऱ्यावरच्या माणसांच्या मानाने हे भाषणच झालं.

आता ती सतरा वर्षांची होती, शाळेचं शेवटचं वर्ष होतं, आणि पाण्यापेक्षा अवघड कोडं समोर होतं.

तिकडे कॉलेजांना अर्ज करण्याचे दोन रस्ते असतात. एक रस्ता साधा: जानेवारीपर्यंत दहा ठिकाणी अर्ज करा, वसंतात उत्तरं येतील, मग निवडा. दुसऱ्याला म्हणतात 'अर्ली डिसिजन'. एक नोव्हेंबरच्या आत एकाच कॉलेजला सांगायचं की तुम्ही घेतलंत तर मी येणारच. तसं लिहिलेल्या कागदावर तिघांनी सही करायची, विद्यार्थ्याने, आईने किंवा वडिलांनी, आणि शाळेतल्या सल्लागार बाईंनी. कॉलेजने 'ये' म्हटलं की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. परवडत नसेल तर सुटका मिळते, पण मन बदललं म्हणून मिळत नाही. मात्र असा शब्द देणाऱ्याला आत घेण्याची शक्यता पुष्कळ ठिकाणी वाढते. म्हणून गावात जो भेटेल तो सिग्नेला एकच सांगे, "ती संधी वाया घालवू नकोस हं." कशासाठी वापरायची, ते कोणी सांगत नसे.

आई, जॅनेल, पोस्टात काम करायची. तिच्या मनात थॉर्नबी पक्कं बसलेलं. थॉर्नबी पूर्वेला, दोन विमानं बदलून जायचं, दगडी इमारती, नाव ऐकलं की लोक आदराने भुवया उंचावतात. उन्हाळ्यात मायलेकी ते पाहून आल्या होत्या. कॉलेज दाखवत फिरवणारा मुलगा तासभर उलटा चालत बोलत होता आणि एकदाही अडखळला नाही, याचंच आईला केवढं कौतुक! येताना तिने थॉर्नबीचा स्वेटर घेतला आणि कपाटात लपवून ठेवला. सिग्नेला तो सापडला होता, आणि तिने तो होता तसाच परत ठेवला.

दुसरं होतं कॅल्डर. गाडीने चार तासांवर, लहानसं, एका तळ्याकाठी. तेही तिने पाहिलं होतं. दोन्ही आवडली होती. घोळ तोच होता.

सप्टेंबरच्या शेवटी ती थॉर्नबीसाठीचा निबंध घेऊन मिसेस पेल्टोंकडे गेली. त्याच त्या शाळेतल्या सल्लागार बाई. वय साठीचं, चष्मा साखळीला. निबंध म्हणजे कॉलेजच्या 'आमचंच कॉलेज का?' या प्रश्नाचं उत्तर होतं. बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि संगणक तिच्याकडे वळवला.

"थॉर्नबी जिथे जिथे आहे तिथे कॅल्डर लिही बघू."

सिग्नेने लिहिलं.

"वाच मोठ्याने."

"'कॅल्डरमधली जिज्ञासू माणसं, लहान वर्ग आणि आपुलकीचं वातावरण मला पहिल्याच भेटीत...'" सिग्ने थांबली.

"थांबलीस का? चांगलं आहे की! आता कॅल्डर काढ आणि 'हॅन्सनचं हार्डवेअरचं दुकान' लिही."

"मिसेस पेल्टो!"

"लिही तर."

"'हॅन्सनच्या हार्डवेअरच्या दुकानातली जिज्ञासू माणसं...'" सिग्नेला हसू फुटलं आणि तिचे कानही तापले. "'आणि आपुलकीचं वातावरण...'"

"हे मात्र खरं आहे. मागच्या आठवड्यात हॅन्सनने मला बिजागरीबद्दल अर्धा तास सांगितलं." बाईंनी चष्मा काढला. "हा निबंध कुठल्याही दाराला लागेल अशी किल्ली आहे, बाळ. अशी किल्ली सहसा कुठलंच दार उघडत नाही. तुला अजून ती कॉलेजं माहीतच नाहीत, फक्त आवडली आहेत. मी सही करणार आहे खाली. कशावर करतेय ते मला कळायला नको?"

"मग आता काय करू?"

"तुला स्वतःला सोडून दुसऱ्या कशाचं कुतूहल आहे?"

सिग्नेने धक्क्यावरच्या पाण्याबद्दल सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग हेच विचार त्यांना. प्रवेशाच्या कचेरीत नको, शिकवणाऱ्यांना विचार. कोण कसं उत्तर देतं ते बघ."

त्याच दिवशी तिने दोन्हीकडे एकच पत्र धाडलं. आमच्या बंदरातलं पाणी शांत हवेतही एकोणीस मिनिटांनी चढतं-उतरतं, ते का?

थॉर्नबीच्या प्रोफेसर बेलांजर यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. स्वच्छ, नेमकं, चार परिच्छेदांचं. घंघाळ हलवलं की पाणी जसं या काठाकडून त्या काठाकडे हेलकावत राहतं, तसं मोठं तळं वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने हलतं, आणि बंदर त्याला आपल्या मापाच्या हेलकाव्याने साथ देतं. बंदर किती लांब, किती खोल, त्यावर वेळ ठरते. खाली सूत्र होतं. 'नकाशावरून पाहता तुमच्या बंदराला अकरा मिनिटं लागायला हवीत,' असा शेवट.

सिग्नेने ते तीनदा वाचलं. पाच वर्षांचं कोडं एका पानावर सुटलेलं पाहून तिला इतका आनंद झाला, की अकरा म्हणजे एकोणीस नव्हे हे दुपारपर्यंत तिच्या लक्षातच आलं नाही.

कॅल्डरकडून सहा दिवस काहीच नाही. सातव्या दिवशी घरी जेवणं चालू असताना फोन वाजला. ओव्हनमधून काढलेली बटाट्यांची हॉटडिश निवत राहिली, कारण पलीकडे तिथे शिकवणाऱ्या डॉ. रूथ हेन्शॉ होत्या आणि त्या उत्तर द्यायला नाही, विचारायला बसल्या होत्या.

"पट्टी धक्क्याच्या आतल्या बाजूला की बाहेरच्या? बरं. बोटी आल्या-गेल्या की ते दिवस वगळतेस का? शाब्बास. आणि बर्फाखाली?"

"बर्फाखाली म्हणजे?"

"हिवाळ्यात बंदर गोठतं ना? तेव्हा खाली पाणी हलतं का?"

सिग्नेने कधी पाहिलंच नव्हतं. पाच हिवाळे गेले होते! "मला नाही माहीत," ती म्हणाली.

"मलाही नाही. छान आहे ना?" डॉ. हेन्शॉ हसल्या.

चाळीस मिनिटांनी फोन ठेवला तेव्हा आई म्हणाली, "उत्तर मिळालं का एकदाचं?"

"नाही. सात नवे प्रश्न मिळाले."

"थॉर्नबीवाल्यांनी एका दिवसात उत्तर दिलं," आई म्हणाली आणि हॉटडिश पुन्हा ओव्हनमध्ये ठेवली.

त्या अकरा आणि एकोणीसच्या फरकाने सिग्नेला चैन पडेना. शनिवारी ती वडिलांबरोबर बोटीवर गेली. दोरीला शिशाचं वजन बांधून तिने बंदराची खोली जागोजाग मोजली. बंदराच्या तोंडाशी शिसं पाण्यात गेलं न गेलं तोच खडखडलं.

"डॅड, इथे तर काही पाणीच नाही!"

"खडी साचलीय. त्या मोठ्या वादळापासून. म्हणून तर मी डाव्या अंगाने निघतो."

"तुला माहीत होतं? नकाशात तर नाहीये!"

"नकाशाला कोण विचारतं."

"मला का नाही सांगितलंस?"

लायलनी जाळं ओढता ओढता विचार केला. "विचारलं नाहीस तू."

सिग्नेने ओली दोरी गुंडाळली. मग म्हणाली, "बरं, आता विचारते. मी कुठे जावं असं तुला वाटतं?"

लायलनी दोन हेरिंग सोडवून डब्यात टाकले.

"कॅल्डर."

"का?"

"चार तासांवर आहे."

एवढंच. पुढे ते माशांबद्दल बोलले. पण 'तुला बरं वाटेल ते कर' यापलीकडे या माणसाने आजवर कधी काही मागितलं नव्हतं.

घरी येऊन तिने नव्या खोलीवर सूत्र चालवलं. उथळ पाण्यात हेलकावा मंदावतो, त्यामुळे आता पंधरा मिनिटं आली. म्हणजे चार अजून बेपत्ता. तिने प्रोफेसर बेलांजरना लिहिलं, जरा भीतभीतच, की तुमचं उत्तर आमच्या बंदराला बसत नाही. उत्तर तासाभरात आलं. 'वा! माझा नकाशा खोटा निघाला. उरलेल्या चार मिनिटांबद्दल मला एक शंका आहे, ती तोंडाच्या अरुंदपणाशी निगडित आहे. पण ती समजावून सांगायला दोन वर्षांचं गणित लागेल, ते पत्रात मावणार नाही.'

आता तुम्ही म्हणाल, दोघंही भली माणसं, मग चिठ्ठ्या टाकाव्यात. सिग्नेच्याही मनात ते येऊन गेलं. पण तिने दोघांना आणखी एक प्रश्न विचारला: मी आले, तर तुमच्याकडे मला काय मिळणार नाही?

असा प्रश्न कॉलेजांना सहसा कोणी विचारत नाही. दोघांनी खरं उत्तर दिलं, हे त्यांचं मोठेपण.

प्रोफेसर बेलांजर यांनी लिहिलं: 'बोट मिळणार नाही. मी वीस वर्षांत पाण्यात उतरलेलो नाही. आम्ही लाटा कागदावर आणि संगणकात पकडतो. पहिली दोन वर्षं तू फक्त गणित करशील आणि कधीकधी रडशील.'

डॉ. हेन्शॉ फोनवर म्हणाल्या, "गणित, बाई. आमच्याकडे ते जरा पातळ आहे. तुला पहिल्या आठवड्यात बोटीत बसवीन, भिजवीन, थंडीने काकडवीन. पण त्या चार मिनिटांचं शेवटपर्यंत उत्तर हवं असेल, तर ते शिकवणारं माणूस आमच्याकडे नाही."

सिग्ने दोन दिवस दोन्ही उत्तरं ताडून पाहत होती. भिजायचं कसं हे तिला येत होतं. शिसं कसं सोडायचं, जाळं कसं ओढायचं, वाट कशी पाहायची, हे सगळं तिला घरीच मिळालं होतं. अंगात नव्हतं ते गणितच. आणि गंमत अशी, की जी बाई तिला जास्त आवडली होती, तिनेच तिला हे सांगितलं होतं.

तिने निबंध नव्याने लिहिला. त्यात एकोणीस, अकरा आणि पंधरा होते, खडी होती, न सुटलेली चार मिनिटं होती. मिसेस पेल्टोंनी तो वाचला आणि सहीसाठी पेन काढलं.

तीस ऑक्टोबरला आईने थॉर्नबीचं नाव ऐकलं मात्र, कपाटातल्या स्वेटरकडे धावलीच. "मी म्हटलं नव्हतं? अगं, एवढं मोठं नाव!"

"मॉम, नावासाठी नाही. आणि अजून त्यांनी घेतलेलं नाही मला. डिसेंबरात कळेल."

"हो गं, हो. घाल तरी अंगात!"

सहीचा कागद सिग्नेने आईपुढे ठेवला नाही. ती तो घेऊन वडिलांकडे गेली. ते अंगणात जाळं दुरुस्त करत होते.

"एकदा यावर सही झाली आणि त्यांनी बोलावलं, की मग मागे फिरता येणार नाही," ती म्हणाली. "चार तासांवर नाहीये हे."

"माहितीय."

"डॅड, बोटीवरचं मला तू शिकवलंस. ते पुन्हा शिकायला चार तास गाडी चालवायची गरज नाही. जे इथे कुणालाच येत नाही, ते मला हवंय."

लायलनी सुई जाळ्यात खोचली. पाण्याकडे पाहिलं.

"ती चार मिनिटं," ते म्हणाले. "सापडली की मला सांगशील?"

"सगळ्यात आधी तुला."

"हं. जायला कारण तसं वाईट नाही." त्यांनी हात विजारीला पुसले आणि सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं.

सिग्नेने आत जाऊन अर्ज पाठवला. आई शेजारणीला फोनवर सांगत होती, 'अर्जच आहे गं अजून, पण थॉर्नबी!' उद्यापर्यंत गावभर होणार, आणि सगळे म्हणणार, पोरगी नावाला भुलली. म्हणोत. तिला आता आणखी एकाच माणसाला खरं कारण सांगायचं होतं, आणि ते कुणाकडून तरी कळण्याआधी सांगायचं होतं.

ती मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली आणि तिने कॅल्डरला फोन लावला.

"डॉ. हेन्शॉ, मी सिग्ने बोलतेय, ग्रॅनाइट कोव्हची," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे येत नाहीये. का, ते सांगू? आणि मग मला सांगा, बर्फाला भोक पाडून पट्टी कशी उभी करायची?"