महिला सदस्यांच्या खोलीतली घंटा

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी वाजले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी विजेची घंटा आहे. संसद भवनाच्या मागच्या टोकाला, महिला सदस्यांच्या खोलीत राहते. मतदानाआधी भवनातल्या सगळ्या घंटा तीन मिनिटं वाजतात. मग सभागृहाची दारं बंद. बाहेर राहिला त्याचं मत गेलं.

ही खोली आधी अडगळीची होती. पहिली बाई निवडून आली तेव्हा ती घाईघाईनं झाडली आणि मला इथे लावलं. मी खणखणले की बायका हातातला चहा टाकून धावत. "मेलीनं दचकवलं," म्हणत, पण हसत म्हणत.

पुढे माझी तार गंजली. मी कधी वाजे, कधी नाही. खोली झाडणाऱ्या मावशींनी तीनदा अर्ज दिला. "तिथं बसतं कोण? दोघीचौघी. शिपाई सांगेल की जाऊन," असं म्हणून वायरमननं नवी घंटा उपाहारगृहात बसवली. गेल्या आठवड्यात मी वाजले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुधारली.

काल वाद होता राज्यघटनेतल्या एका नव्या ओळीचा: स्त्री आणि पुरुष समान. ती मांडणाऱ्या सदस्य निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाईच म्हणतात. या ओळीसाठी त्यांनी अकरा वर्षं उंबरठे झिजवले. घरं मोडतील, असं विरोधक सकाळपासून बजावत होते. मतदान पाचला होतं, म्हणून दुखऱ्या गुडघ्याची गोळी घ्यायला बाई खोलीत आल्या. सोबत डॉक्टरीणबाई होत्या, त्याही सदस्यच. सभापतींनी मतदान अचानक अलीकडे आणलं. शिपायाला पाठवायचं कुणालाच सुचलं नाही.

बाकीच्या घंटांची थरथर भिंतीतून माझ्यापर्यंत येत होती. माझी हातोडी हलेना. खाली बाई सावकाश पाणी पीत होत्या. उठा, बाई, उठा. तीन मिनिटं मी तेवढंच म्हणत होते, मुक्यानं.

दोन मतं कमी पडली.

बंद दाराशी पोचलेल्या बाईंना एक ज्येष्ठ विरोधक नंतर म्हणाले, "तीन मिनिटं सगळ्यांना सारखीच होती की, बाई. समानताच झाली."

परत येऊन बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आधी हिच्यासाठी भांडायला हवं होतं," एवढंच बोलल्या.

मित्रांनो, ज्याच्या भरवशावर बसता, त्याच्याकडे वेळेत बघा.

फेरमतदानाचा अर्ज सभापतींकडे आहे. अधिवेशन आज सहाला संपतं. आता सव्वातीन झालेत. वायरमन आलेला नाही. मावशी दार उघडं टाकून बाहेरच्या घंटांकडे कान लावून उभ्या आहेत.