टांगलेली गादी

मी एक गादी. झोपण्यासाठी जन्मले आणि दोन वर्षं भिंतीवर उभी राहिले.

खापा गावच्या पिंजाऱ्यानं मला चारुशीलाबाईंसाठी भरलं. त्यांच्या घोरण्याची सवय होते न होते, तोच त्यांचा भाचा उन्मेष मला उचलून घेऊन गेला. त्यानं नागपूरच्या सीताबर्डीत, मोबाइलच्या दुकानामागच्या खोलीत गाण्यांची कंपनी काढली होती, 'फोडणी रेकॉर्ड्स'. ऑटोंचा गोंगाट आत येऊ नये म्हणून त्यानं मला भिंतीवर खिळे ठोकून टांगलं.

"माह्या गादीले काहून फाशी देऊन राहिला गा?" चारुशीलाबाईंनी विचारलं. त्यांना काळजी माझी होती, भाच्याची नव्हे. त्याची तर नोकरी सुटली होती.

पहिलं रेकॉर्डिंग त्यांचं आणि मैत्रिणींचंच, भुलाबाईची गाणी, म्हणजे आमच्याकडचा भोंडला. गाणी संपली की खिरापतीचा बंद डबा हलवायचा आणि आत काय ते ओळखायचं, ही रीत. बायकांनी ती पाळली. उन्मेष मशीन बंद करायला विसरला.

"वाजते काय वं?"

"जरा जरा."

"चिवडा!"

"चिवडा तुह्या सासरी!"

सगळं तसंच इंटरनेटवर चढलं. गाणी लोकांनी ऐकून सोडली, डबा मात्र डोक्यावर घेतला. दुबईहूनही कोणीतरी 'करंजी' लिहून पाठवलं. दर महिन्याला नवा डबा! उन्मेषचा फोटो पेपरात आला. मागे मी होते, चहाच्या डागासकट.

मग त्याला अक्कल आली. शोधायला सोपं जावं म्हणून त्यानं गाण्याच्या नावातच उत्तर छापलं: 'भुलाबाई भाग नऊ, शंकरपाळे'.

"झाकण उघडून कोणी ओळखायले लावते काय गा?" चारुशीलाबाई ओरडल्या. त्यानं ऐकलं नाही. पुढे लोकांनीही त्याचं ऐकणं सोडलं. वर्षभरात खोली रिकामी झाली आणि मी घरी परतले, चार भोकं घेऊन.

यंदाच्या कोजागिरीला बायका माझ्यावर बसून गायल्या. उन्मेष दाराशी उभा होता. त्याचं तोंड बघवेना. मला खिळ्यांपेक्षा ते जास्त टोचलं. चारुशीलाबाईंनी त्याच्या कानाशी डबा हलवला.

"वाजतच नाही. रिकामा आहे," तो म्हणाला.

त्यांनी झाकण काढलं. लाडू काठोकाठ होते.

"हालायले जागा नाही त्याईले. वाजतीन कसे?"

तो हसला, खूप दिवसांनी. लाडू तोंडात कोंबून त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे.

उन्मेष बाळा, कंपनी जरूर काढ. पण या खेपेला उशा टांग रे.