मागचा टाळकरी

या, जरा जवळ सरका. आज आख्यान लावते ते संताचं नाही, एका आयरिश माणसाचं आहे.

फर्गसभाऊ इथं सिंगापुरात रेडिओवर पक्ष्यांबद्दल बोलायचे आणि शनिवारी शाळकरी मुलांना खारफुटीत हिंडवायचे. माझी लेक मैत्रेयी त्यांची मदतनीस. पुंगोलच्या आमच्या फ्लॅटवर थालीपीठ खाताना त्यांनी एकदा कीर्तन म्हणजे काय ते समजून घेतलं आणि हसले. "माऊली, आमच्याकडे बुवा म्हणजे पाखरू. मी नुसता मागचा टाळकरी."

मुलं दंगा करू लागली की ते शीळ घालायचे. दोनदा आखूड, एकदा लांब. म्हणजे थांबा, ऐका.

आजारपणात ते गेले आणि शनिवारचा वर्ग बंद पडला. महिन्याभरानं मैत्रेयी पुन्हा मुलांना घेऊन निघाली, तिला धीर म्हणून मीही. शेजारदेशातल्या वणव्यांनी हवा धुरकट होती, दहा हातांवरचं झाड दिसेना.

"आई, आजचा वर्ग शेवटचा. मुलं त्यांचं ऐकायची. माझं कोण ऐकतंय?"

"अगं, बुवा गेले म्हणून कीर्तन थांबतं का?"

"तुला काय जातंय बोलायला! तुला नुसत्या मागं बसून टाळ्या वाजवायच्यात."

फळ्यांच्या पुलावर मुलं उधळली. मैत्रेयी हाका मारून दमली.

आणि धुरातून शीळ आली. दोनदा आखूड, एकदा लांब.

मुलं जागच्या जागी थिजली. चिखलातले बुडबुडे फुटताना ऐकू येऊ लागले.

"अंकल केम बॅक, लाह," एक मुलगी इथल्या बोलीत पुटपुटली.

मैत्रेयीनं वर बोट केलं. फांदीवर काळा भृंगराज, शेपटीला दोन लांब पिसं. "हा नकला करतो. अंकलची शीळ दर शनिवारी ऐकून शिकलाय." मुलं हसली. माझाही जीव भांड्यात पडला.

मग तो पक्षी खोकला. कोरडं, आणि शेवटी धाप लागल्यासारखं.

मैत्रेयीनं माझा हात धरला. तो खोकला उशाशी बसून आम्ही दोघींनी ऐकला होता. फर्गसभाऊंना तो इस्पितळातच लागला. त्यानंतर खारफुटीत ते आलेच नव्हते.

मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ती मैत्रेयीकडे बघत होती. मैत्रेयीनं ओठ ओले केले आणि शीळ घातली. शेवटी जरा फाटली.

झाडातून उत्तर आलं नाही.

"हं," ती मुलांना म्हणाली, "आता हळू. माझ्या मागून."

वर्ग चालू आहे. खोकल्याचा विषय आम्ही घरात काढत नाही. तुम्ही एवढंच करा, कुठं पाखराची शीळ कानावर आली तर क्षणभर थांबा, आणि आमच्या त्या टाळकऱ्याची आठवण काढा.