बि. ना.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीचे संचालक वर्षातून एकदा कुठल्याशा परिषदेला जायचे आणि येताना एक नवा शब्द घेऊन यायचे. एका वर्षी त्यांनी क्लाउड आणला. पुढच्या वर्षी ब्लॉकचेन आणली, आणि नटबोल्ट ब्लॉकचेनवर कसे चढवायचे या विचारात सगळं ऑफिस तीन महिने डोकं खाजवत बसलं. यंदा एआय आणला होता. शब्द आणायचं काम त्यांचं आणि त्या शब्दाची पाच वर्षांची योजना करायचं काम मॅडमचं.

मॅडम म्हणजे माहिती-तंत्रज्ञान विभागाची प्रमुख. वय एकोणपन्नास. लग्न झालं होतं, ते फार टिकलं नाही. आई आठ वर्षांपूर्वी गेली. वडील शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसनं चाळीस मिनिटांवर, चौथ्या मजल्यावर एकटे राहायचे. दुपारी डबा उघडायच्या आधी ती केबिनच्या काचेवरचा पडदा सोडायची. बाहेर सगळे घोळक्यानं जेवायचे आणि आपण एकट्यानं जेवताना दिसावं हे तिला नको असायचं. हे कोणाच्या लक्षात येत नाही, अशी तिची समजूत होती.

योजना मात्र तिनं फर्मास केली होती. प्रत्येक लिफ्टमध्ये सेन्सर बसणार. पहिल्या टप्प्यातल्या इमारतींत ते बसूनही झाले होते. कोणी तक्रारीचा फोन केला की मशीन आधी सेन्सरला विचारणार, आणि सेन्सर 'ठीक' म्हणाला की फोनवरचा गोड आवाज तसं सांगून मोकळा होणार. मेकॅनिकनं जायचंच नाही. हा आवाज मॅडमनं अकरा आवाज ऐकून स्वतः निवडला होता.

सगळी योजना एका आकड्यावर उभी होती. शंभरातल्या सदतीस तक्रारींवर मेकॅनिक नुसता जाऊन यायचा आणि नोंदीत दोन अक्षरं लिहायचा, बि. ना. म्हणजे बिघाड नाही. ऑफिसात त्याला सरळ 'बिना' म्हणत. "आज किती बिना झाल्या?" असं एकमेकांना विचारून हसत. या बिना फेऱ्या शून्यावर आणायच्या, असं योजनेच्या पहिल्याच पानावर होतं. गुरुवारी ती संचालक मंडळापुढे मांडायची आणि एक तारखेपासून अंमलात आणायची.

सोमवारी एकच बारीकसा प्रश्न उरला. जुन्या सिस्टीममध्ये 'शेरा' नावाचा एक रकाना होता. वर्षानुवर्षं मेकॅनिक लोकांनी त्यात मनाला येईल ते लिहिलं होतं. तो नव्या सिस्टीममध्ये न्यायचा का? मॅडमनं कधीच त्याच्यासमोर 'वगळा' लिहून टाकलं होतं. पण संचालकांना उदाहरणं आवडायची. म्हणून सगळ्यात जास्त बिना फेऱ्या कुठे झाल्या, ती यादी तिनं काढली. पहिल्या इमारतीची एक स्लाइड करू, चार शेरे टाकू, मंडळी जरा हसतील, असा तिचा बेत होता.

पहिली इमारत तिच्या वडिलांची निघाली.

दीड वर्षात एकाहत्तर फेऱ्या. सगळ्या मंगळवारी. तक्रार करणारा, चौथा मजला. तिला वाटलं, काहीतरी घोळ आहे. तिनं शेरे उघडले.

'बि. ना. आजोबा म्हणाले आवाज येतो. थांबून ऐकलं. येत नाही.'

'बि. ना. आवाज येत नाही. चहा घेतला.'

'बि. ना. आजोबांची मुलगी आपल्या कंपनीत आहे. ओळखता का विचारलं. ओळखतो म्हटलं.'

'बि. ना. मॅडम वेळेवर जेवतात का विचारलं. जेवतात म्हटलं.'

'बि. ना. मॅडम तापानं रजेवर होत्या ते सांगितलं नाही. मजेत आहेत म्हटलं.'

'बि. ना. कंपनीच्या अंकातला मॅडमचा फोटो दिला. कपाटाच्या दाराला लावला.'

असे एकाहत्तर. ती एकामागून एक वाचत गेली आणि प्रत्येक शेऱ्यागणिक तिला खुर्चीत अधिकाधिक लहान झाल्यासारखं वाटत गेलं. वडील पूर्वी तिला रोज सकाळी दहाला फोन करायचे. ती वेळ नेमकी मीटिंगची, म्हणून तिनं फोनला शिकवून ठेवलं होतं, आपोआप उत्तर जायचं: 'मीटिंगमध्ये आहे. नंतर फोन करते.' नंतर फोन करायला मात्र तिनं फोनला शिकवलं नव्हतं, आणि स्वतःलाही नाही. दीड वर्षापूर्वी ते फोन बंद झाले. तेव्हा तिला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं होतं. आता त्या हायसं वाटण्याची तिला शरम वाटली.

सगळे शेरे एकाच मेकॅनिकचे होते. त्याला सगळे 'गव्हर्नर' म्हणत. लिफ्टचा वेग आवरणाऱ्या पुर्ज्याला गव्हर्नर म्हणतात, आणि हा गृहस्थ सगळंच इतकं सावकाश करायचा की पुर्ज्याचं नाव त्याला आपोआप चिकटलं. ती खाली स्टोअरमध्ये गेली तेव्हा तो स्टुलावर बसून पाने पुसत होता.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" तिनं विचारलं.

कशाबद्दल, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. "आजोबा नको म्हणाले. तिला कामं असतात म्हणाले."

"आणि तुम्ही त्यांना खुशाल खोटं सांगत राहिलात? मजेत आहे म्हणून?"

गव्हर्नरनं हातातला पाना खाली ठेवला. "मग काय सांगायचं, मॅडम? पडदा सोडून एकट्या जेवतात, असं सांगू म्हातारबाबांना?"

ती जिन्यानं वर आली.

गुरुवारी मंडळापुढे तिनं सगळी योजना मांडली आणि शेवटी म्हणाली, "एक बदल सुचवायचा आहे. बिना फेऱ्या पूर्ण बंद करू नयेत. काही लोकांना... म्हणजे काही इमारतींत कोणीतरी प्रत्यक्ष जाणं आवश्यक आहे."

"बिघाड नसताना?" संचालक म्हणाले.

"हो."

"अहो मॅडम, आपण लिफ्टवाले आहोत. लोकांना वर-खाली नेतो. त्यांची विचारपूस करायला कुठे निघालात?" सगळे हसले. संचालक मनानं वाईट नव्हते. त्यांनी तिचंच पहिलं पान उघडून तिच्याचपुढे धरलं. "हे तुमचंच आहे ना? सदतीस टक्के? यात चूक आहे का काही?"

चूक नव्हती. तीच तर पंचाईत होती. तिनं योजना इतकी पक्की बांधली होती की आता तिची तिलाही हलवता येईना. माझे वडील त्या सदतीसांत आहेत, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की तुम्ही स्वतः का जात नाही? तिनं ते पान परत घेऊन फाइलीत ठेवलं. योजना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली.

एक तारखेनंतरच्या पहिल्या मंगळवारी तिनं दहाच्या मीटिंगला येत नसल्याचं कळवलं, कारण काही दिलं नाही, आणि बस पकडली. बसमध्ये तिनं दोनदा उतरून परत जायचा विचार केला. जाऊन काय बोलायचं, हेच तिला सुचत नव्हतं. पाच वर्षांचं सांगू शकणाऱ्या बाईला पुढच्या पाच मिनिटांचं सुचेना.

इमारतीची लिफ्ट गुपचूप चौथ्या मजल्यावर गेली. कसलाही आवाज आला नाही, आणि तिनं तर कान देऊन ऐकलं होतं.

वडिलांनी दार उघडलं. हातात फोन होता. आत टेबलावर दोन कप मांडलेले होते.

"अगं, तू? आज कशी काय? सगळं ठीक ना?"

"लिफ्टची तक्रार होती ना तुमची?" ती म्हणाली. "आवाज येतो म्हणून."

चोरी पकडल्यासारखे ते बावरले. फोन मागे लपवावा की ठेवावा, हे त्यांना कळेना. "ती तुमच्याकडची बाई आहे ना, फोनवर बोलणारी. ती म्हणाली, बिघाड नाही. तीनदा लावला. तीनदा तेच म्हणाली. बोलते गोड."

"बाई नाहीये ती, बाबा. मशीन आहे."

"असं होय. तरीच." ते खुर्चीवर बसले. "आणि ते आपले मेकॅनिक? बदली झाली का त्यांची?"

"नाही. आता ते येणार नाहीत." आणि मग तिनं ते सांगूनच टाकलं. "माझ्यामुळे. मीच तशी योजना केली."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांनी मान डोलावली, जणू मुलीनं परीक्षेत नंबर काढला होता. "मोठं काम आहे तुझं. त्यांनी सांगितलं होतं मला." मग गव्हर्नरसाठी काढून ठेवलेला कप त्यांनी तिच्यापुढे सरकवला. कपाटाच्या दारावरून कंपनीच्या अंकातली मॅडम हसून पाहत होती.

"ते दर वेळी सांगायचे," वडील म्हणाले, "तू मजेत आहेस म्हणून. आहेस ना?"

'हो' हा शब्द तिच्या जिभेवर तयारच होता. तो तिच्या जिभेवर कायम तयार असायचा, फोनमधल्या त्या उत्तरासारखा. तिनं कप हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "बिघाड आहे."

वडिलांनी हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला आणि आपली खुर्ची तिच्या जवळ ओढली.

"बरं," ते म्हणाले, "सांग, आवाज कुठून येतो?"