बनाबाईंची ओवी आणि मी

मित्रांनो, मला पाहून बरेच जण मोडेम समजतात, कोणी चार्जरही म्हणतात. मी एक जुना झिप ड्राइव्ह आहे. माझ्या रुंद फटीत फ्लॉपीपेक्षा जाड डिस्क बसायची, आणि फ्लॉपीत न मावणारं पुष्कळ काही तिच्यात मावायचं.

संग्रामपूरच्या बाजारात धम्मरत्न यांचं टायपिंगचं दुकान होतं. त्यांनी मला अकोल्याहून आणलं, तेव्हा लोक मुद्दाम बघायला यायचे. पत्रिका, पावत्यांचे नमुने, संस्थांचे अहवाल, सगळं माझ्या डिस्कवर असायचं. एकदा धम्मरत्न यांनी आईला, बनाबाईंना, मायक्रोफोनसमोर बसवलं. त्या जात्यावरच्या ओव्या स्वतः रचून म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी तान्ह्या नातीवर, समतावर, नवी ओवी म्हटली. ती मी जपून ठेवली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोलाचं काम.

मग पेन ड्राइव्ह आले. मला डिस्कसकट माळ्यावर टाकलं गेलं. पत्रा गळायचा. डिस्कवर बुरशी धरू लागली आणि माझ्या पोटात धूळ साचली. कोणी वर चढलं की वाटायचं, आता मला खाली घेतील. पण हात पलीकडच्या डब्याकडे जायचे.

पुढे धम्मरत्न वारले. समता आता शाळेत शिकवते. गेल्या वर्षी बनाबाईंना लकवा झाला आणि त्यांची वाचा गेली. समताला वडिलांचं बोलणं आठवलं, की आजीनं तुझ्यावर ओवी केली होती, ती झिपच्या डिस्कवर आहे. आजीला स्वतःला तर ती आठवत असेल, पण सांगणार कशी? समतानं सगळा माळा खाली काढला. दोन दुकानदारांनी मला मोडेम म्हणून परत केलं.

शेवटी जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारे अविनाश आपला जुना कॉम्प्युटर घेऊन घरी आले. त्यांनी माझी प्रिंटरसारखी पिन पाहिली, फट पाहिली आणि लगेच ओळखलं. इतक्या वर्षांनी कोणी माझं नाव घेतलं, म्हणून मला बरं वाटलं. त्यांनी मला उघडून साफ केलं, डिस्कही हलक्या हातानं पुसली. बनाबाई खाटेवरून बघत होत्या.

डिस्क फिरली. आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरू लागला आणि मधेच अडकला. मी कटकट करू लागलो. माझं वाचणारं टोक बुरशीवर घासत होतं. मला ते कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

अविनाश यांनी हात आखडता घेतला. "ताई, पुन्हा लावलं त डिस्क बी जाईन अन् हा ड्राइव्ह बी. जेवढं उतरलं तेवढ्यावर थांबा."

समतानं आजीकडे पाहिलं. "लावा," ती म्हणाली. "आजी ऐकून राह्यली."

त्यांनी पुन्हा लावलं. मी जिवाचं रान केलं, पण टोक तुटलं. डिस्कवर गोल ओरखडा उमटला. मग पहिल्या वेळी उतरलेलं तेवढंच अविनाश यांनी वाजवलं. बनाबाईंचा तेव्हाचा खणखणीत आवाज खोलीत आला:

"नात माझी समता गं, चालली शाळेले,
जाता जाता सांगते मी तिच्या कानाले..."

आवाज तिथेच तुटला.

खाटेवर बनाबाईंचे ओठ हलू लागले. त्या पुढची ओळ म्हणत होत्या. समतानं कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. तिला नुसता श्वास ऐकू आला. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

जाताना अविनाश यांनी माझी वायर आणि अडॅप्टर काढून घेतला. जवळच्या सोनाळा गावात माझ्यासारखाच एक ड्राइव्ह सापडला आहे, त्याला ते लागतील. त्याच्या डिस्कमध्ये कोणाचा आवाज आहे, मला माहीत नाही. तो तरी वाचावा.

मित्रांनो, घरातलं जुनं यंत्र काय आहे, हे जाणत्याला विचारल्याशिवाय फेकू नका, ओलीत टाकू नका. पण फक्त आमच्या भरवशावरही राहू नका. आजीजवळ बसा आणि तिची ओवी तिच्याकडूनच शिकून घ्या, तिला बोलता येतंय तोवर.