श्यामसुंदरच्या गाडीचं ॲव्हरेज

टाकीचं झाकण काळ्या दोरीला लटकून डुलत होतं आणि त्याच्या आतल्या कडेला पेट्रोलचा एकच थेंब लोंबत होता, पडू की नको अशा बेतात... नंदिनी त्या थेंबाकडे बघत राहिली. पंपावरचा माणूस "झीरो बघा मॅडम" म्हणाला, तिने शून्य बघितलं आणि नजर परत झाकणाकडे नेली. पहिल्या कटला थांबायचं. नोझल आपोआप बंद झाली की त्यावर एक थेंबही नाही, हे श्यामसुंदरचं शास्त्र. तोच पंप, तीच नोझल, सकाळची तीच वेळ. टाकी भरायची, मीटरवरचं ॲव्हरेज शून्यावर आणायचं, आणि मग रोज बघायचं, लिटरमागे किती किलोमीटर पडले ते.

"राउंड फिगर करू का मॅडम?"

"नको. बस."

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा गाडीकडे. त्याचं तरी काय चुकलं. लाल, बुटकी, दोन दारांची टर्बो गाडी, मागे धुराची खलबत्त्यातल्या खलाएवढी दोन नळकांडी, आणि तिच्यातून उतरलेली एकावन्न वर्षांची बाई, खांद्याला डब्याची पिशवी, पायात लॅबचे बंद बूट. गाडी दारात आली त्या दिवशीच ती म्हणाली होती, वाघ पाळायचा आणि त्याला वरणभात भरवायचा, असं चाललंय तुमचं. श्यामसुंदर हसला नव्हता. नोकरीतून वेळेआधी मोकळा झालेला माणूस आपल्या खेळण्यावर हसू देत नाही.

"एक्स्क्यूज मी, ही श्याम सरांची गाडी ना?"

मागे तशीच एक निळी गाडी उभी होती आणि तिच्या दारात पस्तिशीतली एक मुलगी, गॉगल केसांवर चढवलेली. "मी सोनल. सानपाड्याला क्लिनिक आहे माझं, दातांचं. आमचा टर्बोवाल्यांचा ग्रुप आहे ना, सर आहेत त्यात. नंबर बघूनच ओळखली गाडी. तुम्ही मिसेस?"

"हो."

"सर लेजंड आहेत हां. मला नऊच्या वर मिळत नाही हो, काय पण करा. आणि सर सतरा काढतात. हे बघा ना, मंगळवारचं. सतरा पॉइंट चार."

फोनवर मीटरचा फोटो होता. मंगळवारी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये येऊन श्यामसुंदरने काढलेला. रोजच काढतो, डायरीत उतरवायला, असं तो म्हणाला होता. फोटोच्या कोपऱ्यात स्टिअरिंगवर एक बोट आलं होतं आणि त्यावर लॅबमधल्या सिल्व्हर नायट्रेटचा काळपट डाग. नंदिनीने आपलं बोट नकळत मुठीत घेतलं. फोटोखाली लिहिलं होतं : *पायात संयम हवा, पोरांनो. टर्बोला जागं करायचं नाही, झोपेतच चालवायचं. मिसेसला शिकवतोय, पण पाय दणकट आहे तिचा. तिच्याकडे दिली की अकरा.* आणि पुढे हसता हसता रडणारी तीन पिवळी तोंडं.

"होईल हो तुमचं पण हळूहळू," सोनल म्हणाली, अगदी मनापासून. "आणि रविवारी भेटूच. सर मला बाजूला बसवून दाखवणार आहेत, खारघरपर्यंत."

"चालवणार कोण?"

"सरच की."

थेंब कधी पडला ते नंदिनीला दिसलं नाही. झाकण लावून झालं होतं.

पाम बीच रोडला लागेपर्यंत तिला राग आलाच नाही. गाडीचंही असंच आहे, दाबलं की क्षणभर काहीच होत नाही, मग मागून कुणीतरी पाठीत हात घालून ढकलतं. करावेचा सिग्नल गेला आणि राग आला. कानामागून, मानेवरून, थेट उजव्या पायात.

दोन महिने. दोन महिन्यांत या गाडीचा एक मीटरही त्याने चालवलेला नाही. साखरेनं त्याच्या डोळ्याचा पडदा खाल्ला, उजव्या डोळ्यात तीन इंजेक्शनं झाली, डाव्याचं कळायचं आहे, आणि मी सांगेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं डॉक्टरीणबाईंनी त्याला, आणि मग त्याच्यावर विश्वास नसल्यासारखं तिला, वेगळं सांगितलं. गाडी उभी राहून खराब होईल म्हणून नंदिनी ती कामावर नेऊ लागली. पहिले आठ दिवस तो बाजूला बसून शिकवत होता. हे इंजिन स्वतःच्याच धुरावर पंखा फिरवतं, नंदू, पंखा फिरला की हवा जास्त, हवा जास्त की पेट्रोल जास्त. दोन हजार आरपीएमच्या खाली ठेव. ठेवलं. पण त्या आठ दिवसांत ॲव्हरेज बारा होतं. सतरा झालं ते तो बाजूला बसायचा थांबल्यावर, आणि ते कुठून आलं हे तिला पक्कं माहीत होतं. पावण्याच्या रेझिनच्या कारखान्यात सव्वीस वर्षं ब्युरेटचा नळ फिरवून आलं होतं. वरच्या नळीतून अल्कली थेंबाथेंबाने खालच्या चंबूत सोडायची, चंबू हलवत राहायचा, आणि गुलाबी रंग येऊन टिकला की त्या थेंबाला थांबायचं, पुढच्या नव्हे. बोटांना जे येतं ते पायाला शिकवायला तिला तीन आठवडे लागले. पुढचा सिग्नल लाल होणार हे तीनशे मीटर आधी ओळखून पाय उचलायचा. पुलावर चढताना दोन-चार किलोमीटर वेग जाऊ द्यायचा, उतरताना आपोआप परत येतो. हे त्याने शिकवलेलं नाही. हे माझं आहे. घरात, नोकरीत, माहेरात, कुठे काही माझं म्हणून बोट ठेवावं असं... राहू दे. हे होतं.

आणि त्याने ते उचललं, आणि वर लिहिलं, अकरा.

डावीकडे खाडीची झुडपं, समोर मोकळा सरळ रस्ता, सहावा गिअर, अठराशे आरपीएम. दाबावं. एकदा तळापर्यंत दाबावं, त्या वाघाला एकदाचं उठू द्यावं, आणि संध्याकाळी त्याच्या त्या फोटोत आठचा आकडा ठेवावा. पाय तयार होता. पण पाय खाली जायच्या आत तिला सापळा दिसला, आणि तो इतका साधा होता की तिला हसूच आलं : दाबलं, तर त्याने लिहिलेलं खरं होतं. दणकट पायाची बाई. आणि नाही दाबलं, तर सतरा त्याचे. चांगलं चालवलं तरी त्याचं, वाईट चालवलं तरी त्याचंच. सूड घ्यायचा तर स्वतःचीच चीज मोडावी लागते, अशी सोय माणसाला नवऱ्यावाचून कोण करून देणार...

पामच्या झाडांची रांग मागे जात राहिली. सावध राहायला हवं होतं. कारण रागाचं तिचं नेहमीचं होतं. राग यायचा, चांगला जोमदार यायचा, आणि घरी पोचेपर्यंत तिला त्याचं काहीतरी दिसायचं, बनियनला पडलेलं भोक, झोपेत उघडं राहिलेलं तोंड, आणि दया यायची. दया आली की राग मुकाट उठून तिला खुर्ची द्यायचा. एकोणतीस वर्षांत एकही राग घरापर्यंत धड पोचला नव्हता. आज पोचवायचा. काठोकाठ भरलेल्या पातेल्यासारखा, न सांडता, थेट त्याच्यापुढे नेऊन ठेवायचा. रविवारी तो त्या मुलीला बाजूला बसवून अर्ध्या डोळ्याने खारघरला जाणार आहे, आणि मला सांगितलेलंही नाही.

आणि तेवढ्यात नेमकी ती आठवण आली, नको होती तेव्हा. पारसिक हिलचा माथा, स्कूटर, आणि दोघांच्या मध्ये चिकटून बसलेली त्यांची तीन वर्षांची मुलगी, जाई. माथ्यावर श्यामसुंदर चावी फिरवून इंजिन बंद करायचा, उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून, आणि मग बेलापूरपर्यंत नुसती हवा, एक आवाज नाही, खाली दिवेलागणीच्या आधीची खाडी. खाली पोचल्यावर तीच म्हणायची, अजून एकदा. परत वर चढायला वाचवलेलं सगळं पेट्रोल जायचं. तो काही न बोलता स्कूटर वळवायचा.

नको, ती मोठ्याने म्हणाली. आज नको.

कारखान्यात सरस्वतीने तिला बघितलं आणि हातातला चंबू धुवायचा थांबवला. सरस्वती इथलीच, पावणे गावातली. लॅब जिथे उभी आहे तिथे तिच्या सासऱ्याची भातखाचरं होती, आणि आता ती तिथेच काचसामान धुते.

"काय गो ताई, कुनाचा राग घेऊन आलीस कामावर?"

"कुणाचा नाही."

"दादल्याचा हाय. दुसऱ्या कुनाचा असता त आल्या आल्या बोलली असतीस." चंबू परत नळाखाली गेला. "बोल नायतर नको बोलू. पन पोटान ठेवशील त नासल."

"संध्याकाळपर्यंत टिकवायचा आहे मला."

"अगो बाय," सरस्वती म्हणाली, "फ्रिजमदी ठेव मग."

नंदिनी हसली, आणि हसल्याचा तिला राग आला, तेवढं सांडलं. मग पहिल्याच नमुन्याला तिचा हात पुढे गेला. चंबू पांढरा, पांढरा, फिक्का गुलाबी होऊन परत पांढरा, आणि मग एकदम गडद, जास्वंदीसारखा. एक नव्हे, पाच-सहा थेंब जास्त. असं तिच्याकडून कधी झालं होतं ते तिला आठवेना. ती चंबूकडे बघत उभी राहिली, आणि तेव्हा पहिल्यांदा राग जरा खोल गेला, जिथे ओरडावंसं वाटत नाही अशा जागी. इथेसुद्धा आलास? तिने चंबू ओतून टाकला, नवा नमुना घेतला आणि श्वास रोखून सगळं पुन्हा केलं. बरोबर आलं.

साडेपाचला गाडी काढली तेव्हा ठाणे-बेलापूर रोडवर ट्रकांची रांग होती. ती रागात होती आणि गाडी इतकी हळुवार चालत होती की तिलाच नवल वाटलं. सांडायचं नाही, या एकाच विचाराने तिचा पाय पेडलवर पिसासारखा टेकला होता. ब्रेक जवळजवळ लागलाच नाही. एक रिक्षा आडवी आली तिला तिने जाऊ दिलं, मागचा भोंगा वाजवत राहिला त्याला वाजवू दिलं. वाशी, सानपाडा, पाम बीच. मीटरकडे तिने मुद्दाम बघितलं नाही. सीवूड्सला सोसायटीच्या फाटकातून आत वळून गाडी आपल्या जागी लावली, आणि मग बघितलं.

अठरा पॉइंट नऊ.

इतकं कधीच आलं नव्हतं. छातीत काहीतरी टुणकन उडालं, सांगावंसं वाटलं कुणाला तरी. आणि सांगायला समोरून तोच येत होता, पार्किंगच्या खांबाला हात लावत, हातात फोन.

"आलीस? इंजिन राहू दे जरा चालू. सरक, फोटो घेतो."

"फोटो नको. वाचा."

"अगं?"

"आकडा वाचा. समोर आहे."

"चष्मा वर राहिला."

"डोळ्यावर आहे तुमच्या."

श्यामसुंदरने चष्म्याला हात लावून बघितला. मग खिडकीतून आत वाकला. आणखी वाकला. त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता आणि मान एका बाजूला तिरकी झाली होती, कुठल्यातरी कोपऱ्यातून त्या उजेडाला गाठू बघत असल्यासारखी. आकडा दोन बोटांएवढा मोठा होता. पांढरा, काळ्यावर.

"सतरा," तो म्हणाला. आणि मग ठामपणे, "सतरा पॉइंट चार."

नंदिनीने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"बरोबर ना?"

"रविवारी सोनलला खारघरला नेणार आहात म्हणे."

तो वाकलेलाच राहिला. "कोण सोनल?"

"दातांची डॉक्टर. पंपावर भेटली. मला ऑल द बेस्ट दिला तिने. अकराचे बारा होतील म्हणाली हळूहळू." असं सोनल म्हणाली नव्हती, पण ते आता कोण तपासणार.

त्याने फोन खिशात ठेवला. मग तो म्हणाला, "गंमत होती गं ती." आणि पुढे, तिच्याकडे न बघता, "सकाळी लवकर रस्ता मोकळा असतो. जपून गेलो असतो मी. त्या पोरांना काय सांगू, दिसत नाही?"

आली. दया आली, नेहमीसारखी वेळेवर, चपला न काढता आत, आणि नंदिनीने सवयीने आत जागा करून दिली, आणि वाट बघितली, रागाने उठण्याची.

तो उठला नाही.

ती थबकली. तो माणूस आंधळा होत होता आणि घाबरला होता, हे तिला लख्ख दिसत होतं. आणि त्याने तिचा पाय चोरला होता, आणि तेही तितकंच लख्ख होतं, जरासुद्धा निवलेलं नव्हतं. दया आणि राग शेजारी शेजारी बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून, आणि कुणीच कुणाला सरकवत नव्हतं. असं होऊ शकतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"खरं किती आहे, नंदू?" तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "वाच ना."

तिला सांगायचं होतं, त्यालाच, दुसऱ्या कुणालाही नव्हे. त्याच्याइतकं त्या आकड्याचं मोल कुणाला कळणार होतं? ओठांपर्यंत आलंही. पण तिने ते तिथेच धरलं. त्याला छळायला नव्हे. पण थोडं छळायलाही, हे तिने स्वतःपाशी कबूल केलं, आणि ते कबूल करताना तिला लाज वाटली नाही. तो खिडकीत कान देऊन वाट बघत राहिला, आणि आकडा तिच्या एकटीपाशी राहिला, अजून थोडा वेळ.