दोन इंची पट्टे

व्हर्लिन टीगने काउंटरवरचं, शर्यतीत चालकाची मान वाचवणारं ते काळं जू उचललं, आपल्याच खांद्यांवर ठेवलं आणि हनुवटी वर करून म्हणाला, "हं, आता टाक पट्टा."

दुकानदार रूबेनने वाकून एक पट्टा त्याच्या खांद्यावरून खाली सोडला. सत्तरी उलटलेला म्हातारा, अंगात चौकड्यांचा शर्ट आणि मानेमागे कार्बनचं ते जू. दाराशी उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाला हसू आलं. व्हर्लिनचं तिकडे लक्ष नव्हतं. तो बोटाने पट्ट्याची कड चाचपत होता.

"बाहेर येतोय हा."

"येणारच. तीन इंची आहे तो," रूबेन म्हणाला. "जूवरची जागा दोन इंचांची. गाडी भिंतीवर गेली की पट्टा घसरणार आणि जू खांद्यावरून सुटणार. मग हेल्मेट कितीही त्याला बांधलेलं असलं, तरी डोकं धरून ठेवायला काही उरत नाही."

"मग दोन इंची दाखव. नवे. मुदतीची तारीख बघून दे."

डीना हातमोज्यांच्या मांडणीपाशी उभी राहून हे ऐकत होती. व्हर्लिनची ती एकुलती एक मुलगी. तिची मुलगी ब्रिन येत्या शनिवारी गावाबाहेरच्या ट्रॅकवर पहिल्यांदा शर्यतीच्या मोठ्या गाडीत बसणार होती, आणि नातीसाठी म्हाताऱ्याने सकाळपासून तिसरं दुकान गाठलं होतं.

"गाडीत आहेत ते पट्टे काय वाईट आहेत?" डीना म्हणाली.

व्हर्लिनने मान वळवली, पण जूमुळे सगळं अंगच वळलं. "ते तीन इंची आहेत."

"मग? रुंद पट्टा बरा. जोर छातीभर वाटला जातो. मी त्यातच चालवली की सगळी वर्षं."

रूबेनने तिच्याकडे पाहिलं आणि मग उगाच काउंटर पुसायला घेतलं. जू घातल्यावर अरुंद पट्टाच लागतो, हे डीनाला ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात स्वयंपाकघरात अंडी फेटता फेटता तिनेच ब्रिनला ते समजावून सांगितलं होतं. तरीही तोंडातून शब्द निघून गेले होते. आपण आपल्याच लेकीच्या मानेचा सौदा करतोय हे तिला बोलून झाल्यावर जाणवलं, आणि तिने हातातला मोजा परत खुंटीला अडकवला. तो दोनदा खाली पडला.

"तुझी गोष्ट वेगळी होती," व्हर्लिन एवढंच म्हणाला.

वेगळी होती खरी. डीनाच्या गाडीतले पट्टे भंगारातल्या एका गाडीतून कापून आणलेले होते. त्यांना कुणा परक्या माणसाच्या घामाचा वास यायचा. ते आवळायला बाप कधी खिडकीशी आला नाही. "भीती वाटत असेल तर उतर," असं लांबूनच ओरडायचा. एकोणिसाव्या वर्षी तिसऱ्या वळणावर ती भिंतीला धडकली, तेव्हा तो धावत आला आणि आधी गाडीच्या पुढच्या आसाखाली वाकला. निदान तिला तसंच दिसलं होतं. तिच्या मानेला डॉक्टरांनी दिलेला आधाराचा पट्टा होता त्या दिवसांतच त्याने गाडी विकून टाकली. तिला विचारलंही नाही.

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये नवे पट्टे दोघांच्या मध्ये सीटवर होते. पिशवी घसरू लागली की व्हर्लिन एका हाताने सावरून धरायचा.

"पाळण्यातलं बाळ आहे का ते?" डीना म्हणाली.

"रस्ता खराब आहे."

"माझ्या वेळीही खराबच होता."

त्याने पिशवी आणखी जवळ ओढली. खिडकीबाहेर चर्चच्या पाटीवर येत्या रविवारच्या जेवणाचं आमंत्रण होतं. पाटी मागे पडेपर्यंत ती ते वाचत राहिली.

घरामागच्या शेडमध्ये गाडी उभी होती, दारं नसलेली, पांढरा रंग अजून ताजा. व्हर्लिनने जुने पट्टे सोडवून बाजूला टाकले. सीटमागच्या आडव्या दांड्याला नवे खांद्याचे पट्टे गुंडाळले, एकमेकांच्या अगदी जवळ, म्हणजे ते जूवरून बाहेरच्या बाजूला ओढले जाणार नाहीत. मग घड्याळाकडे बघितलं.

"ब्रिन कुठे राहिली?"

"बँडची तालीम आहे. येईल."

"उजेड जाईल तोवर." तो घुटमळला. "तू बस आत. तुम्हा दोघींची उंची सारखीच आहे."

"मी?"

"मग काय, शेजारच्या हॅरोल्डला बोलवू? त्याचं पोट मावायचं नाही."

डीनाने खिडकीतून आधी एक पाय आत टाकला. अंग अजून ते विसरलं नव्हतं. हात वर छताच्या कडेला आपोआप गेला आणि ती सीटमध्ये उतरली. व्हर्लिनने तिच्या डोक्यावर ब्रिनचं हेल्मेट ठेवायच्या आधी जू आणलं. ते नीट बसावं म्हणून त्याने मागून तिचे केस उचलले.

आणि तो थांबला.

त्याचं बोट तिच्या मानेवरच्या टाक्यांच्या वणापाशी होतं. वर पत्र्यावर कबुतरं चालत होती.

"दुखतं अजून?"

इतक्या वर्षांत हे त्याने कधी विचारलं नव्हतं. डीनाने समोरच्या काचेकडे बघत स्टिअरिंग धरलं.

"थंडीत."

"कुठपर्यंत?"

"इथपर्यंत. डाव्या हाताच्या बोटांपर्यंत."

त्याने हुं केलं. जू खांद्यांवर ठेवलं, हेल्मेट चढवलं, दोन्ही बाजूंच्या दोऱ्या हेल्मेटला अडकवल्या. कमरेचा पट्टा आधी, खाली, हाडांवर. मांड्यांमधले पट्टे तिने स्वतःच वर घेतले. मग खांद्याचे. प्रत्येक पट्टा जूच्या खाचेत बरोबर बसला. बक्कल कट्टकन लागलं. तो ओढू लागला; त्याच्या मनगटावरच्या शिरा वर आल्या.

"श्वास घे. घट्ट झाले?"

"नाही."

त्याने पुन्हा ओढले. "आता?"

"अजून."

"तुझी ती मोडलेली गाडी," तो पट्ट्यांकडेच बघत म्हणाला, "दारात दिसली की मला जेवण जात नव्हतं."

हेल्मेटमध्ये त्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. डीनाला डोकं वळवता येत नव्हतं. तिला फक्त त्याच्या शर्टाची गुंडी आणि घामाने ओला झालेला गळा दिसत होता.

तेवढ्यात दाराशी सायकल आपटल्याचा आवाज आला आणि ब्रिन पाठीवर ट्रम्पेटची पेटी घेऊन धावतच आत शिरली.

"पपॉ!" तिने आजोबांना हाक मारली. "आणले? दोन इंचीच ना? मम्मी, तू काय करतेस आत? उतर ना, मला बसू दे!"

व्हर्लिनने बक्कलकडे हात नेला. पट्टे आता इतके घट्ट होते की त्यांच्याखाली बोटही शिरलं नसतं.

"थांब गं जरा," डीना म्हणाली. "पपॉचं अजून व्हायचंय."

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं. मग हात बक्कलवरून काढला, पुन्हा खिडकीत वाकला आणि डाव्या खांद्याचा पट्टा ओढायला घेतला.